आग दिवाणजींनीच लावली

१ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. निवृत्त होऊन सहा महिने झाले, पण डोकं निवृत्त झालेलं नाही. उभी नोकरी विमा कंपनीत आगीचे दावे तपासण्यात गेली. माणूस समोरच्या खुर्चीत बसायच्या आत मला कळायचं, आग लागली की लावली. अर्ज शेवटपर्यंत वाचायची वेळ क्वचितच आली.

आता हीच नजर साहित्याकडे वळवायची. ग्रंथालयाच्या वाचक मंडळाने या महिन्याला एक जुनी, गाजलेली कादंबरी घेतली आहे. शंभर वर्षांपूर्वीची, चारशे पानांची. पहिल्याच पानावर लाकडाची गिरणी जळून खाक झालेली, मग कथा वीस वर्षं मागे जाते. आग कोणी लावली यावर तेव्हापासून विद्वानांचे वाद चालू आहेत. त्यांनी अनुभवी माणसाला विचारलं नाही, एवढंच.

एकवीस तारखेला तिच्यातल्या पात्रांवर व्याख्यान आहे. मी नाव दिलं. मंडळाचं अध्यक्षपद लवकरच रिकामं होतंय, हा निव्वळ योगायोग.

संकल्प: रोज पहाटे उठून चाळीस पानं.

२ सप्टेंबर, मंगळवार

पहाट हुकली. दुपारी नऊ पानं. नंतर डोळे मिटून चिंतन. चिंतन चालू असताना ही अंगावर चादर घालून गेली.

४ सप्टेंबर, गुरुवार

एकशे बाराव्या पानावर गुन्हेगार सापडला. गिरणीचा दिवाणजी.

हा माणूस कोणी न मागता पाणी आणून देतो. आभाळ स्वच्छ असताना छत्री बाळगतो. मालकाच्या मुलाच्या अभ्यासाची चौकशी करतो. इतकी वर्षं झाली, पगारवाढीचं नाव काढलेलं नाही. असा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. म्हणजे तो खोटा आहे.

इथेच वाचन थांबवलं. मुद्दाम. पुढे वाचत गेलं की लेखक आपल्या मतावर दबाव आणतो. शेवटी तोही एक साक्षीदारच, आणि तोही घरचा. खऱ्या समीक्षकाने शेवट वाचायचा नसतो, ओळखायचा असतो. खूण म्हणून विजेचं बिल घालून पुस्तक मिटलं.

संध्याकाळी ही सांगायला लागली, माझ्या शाळेतल्या बाई आहेत ना, त्यांचं आता... मी म्हटलं, कळलं. वाईट झालं. पण वय झालं की हे चालायचंच. ही म्हणाली, हो ना. मला वाटलं होतं, रडेल. त्याऐवजी चष्मा पर्समध्ये टाकून बाहेर पडली. बऱ्याच वेळाने आली. माणूस गेलं की भेटायला जावंच लागतं.

८ सप्टेंबर, सोमवार

ग्रंथालयात गेलो. कादंबरीच्या दोन प्रती आहेत, एक माझ्याकडे. दुसरी कोणाकडे, असं ग्रंथपालाला सहज विचारलं. तो हसून म्हणाला, अहो, ती तर तुमच्या... मी म्हटलं, कळलं.

म्हणजे करेक्टकडे. हा निवृत्त वकील. कोणी काहीही बोललं की मान हलवून 'करेक्ट' म्हणतो, म्हणून ते नाव. मंडळात माझ्या तोडीचा तोच एक. व्हरांड्यात भेटला. कुठवर आलंय वाचन, म्हणाला. मी म्हटलं, तिसऱ्यांदा वाचतोय. करेक्ट, म्हणाला. ज्या सुरात म्हणाला तो सूर मला आवडला नाही. माझा दिवाणजी पळवायचा डाव दिसतोय. यापुढे बाहेर 'दिवाणजी' हा शब्द उच्चारायचा नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

ही पुन्हा बाहेर. आली ती आवाज बसलेला, डोळे लाल. मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या. कुठे गेली होतीस, विचारलं. म्हणाली, "बाईंकडे."

गेलेल्या माणसाकडे कोणी दर गुरुवारी जात नाही.

मान डोलावली. दाव्यांच्या कामात पहिला नियम हाच, समोरच्याला खोटं बोलू द्यायचं. त्याला ढील देत राहायचं.

१३ सप्टेंबर, शनिवार

पात्राचं विश्लेषण करताना ते काय बोलतं यापेक्षा काय लपवतं ते पाहावं. ही पोळ्या लाटताना स्वतःशी पुटपुटते. मी स्वयंपाकघरात गेलो की थांबते. काय पुटपुटत होतीस, तर म्हणे काही नाही, तुम्ही हसाल. मी हसणारा माणूस नाही, हे तिला तीस वर्षांत कळायला हवं होतं.

१४ सप्टेंबर, रविवार

व्याख्यान लिहायला बसलो. शीर्षक झालं. पेन बदलायला हवं.

आरशासमोर हातवारे करत होतो. ही दारातून म्हणाली, मी ऐकू का? मीपण ती कादंबरी... मी म्हटलं, कळलं. जुनी भाषा आहे, तुला कंटाळा येईल. ही निघून गेली. एरवी हिला माझ्या बोलण्यात रस नसतो. करेक्टने पेरली तर नसेल?

१८ सप्टेंबर, गुरुवार

पाठलाग केला. अंतर राखून, एका हातात भाजीची पिशवी. ही कोपऱ्यावरच्या इमारतीत शिरली. दुसरा मजला. दार बंद झालं. मी जिन्यावर उभा राहिलो.

आतून पुरुषाचा घोगरा आवाज आला. "पहाटेच्या गाडीने निघायचं. सामान फार घेऊ नकोस. तो झोपलेला असेल."

मग हिचा आवाज. "तो नेहमीच झोपलेला असतो."

शेवटचं वाक्य माझ्याबद्दल आहे हे ओळखायला विश्लेषण लागत नाही.

वरच्या मजल्यावरच्या माणसाने कोण पाहिजे, असं विचारलं. मीटर बघायला आलोय, म्हटलं. तो म्हणाला, मीटर खाली आहेत. खाली आलो.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पहाटेपासून दाराला खुर्ची लावून पहारा. पहाटे उठण्याचा संकल्प अशा रीतीने पूर्ण झाला. जाग आली तेव्हा दूधवाला बाहेरून घंटी वाजवत होता आणि ही मला खुर्चीसकट बाजूला सरकवत होती. म्हणाली, व्याख्यानाचं इतकं मनाला लावून घेऊ नका. आल्याचा चहा दिला.

सुटकेस माळ्यावर ठेवून दिली. उतरताना गुडघा दुखावला.

२० सप्टेंबर, शनिवार

गाडी कितीची आहे, असं अचानक विचारलं. कुठली गाडी, म्हणाली. चेहरा अगदी निष्पाप. मग न मागता गुडघ्यावर शेक द्यायला बसली.

तेव्हा लख्ख प्रकाश पडला. न मागता पाणी, न मागता शेक. तीस वर्षांत स्वतःसाठी काही मागितलेलं नाही. सगळी लक्षणं दिवाणजीची.

व्याख्यानात एक परिच्छेद वाढवला, घरातल्या माणसाने केलेल्या विश्वासघाताबद्दल. तो हिच्याकडे बघून वाचायचा आणि काय होतं ते पाहायचं. परिच्छेद वेगळ्या कागदावर लिहून खिशात ठेवला. लिहिताना दोनदा खाडाखोड झाली. पेन खरंच बदलायला हवं.

२१ सप्टेंबर, रविवार

खुर्च्या भरपूर, माणसं थोडी. दुसऱ्या रांगेत ही. शेजारी काळा चष्मा लावलेली एक म्हातारी, हिचा हात धरून.

सुरुवात उत्तम झाली. दिवाणजीचा नम्रपणा, छत्री, पाणी, एकेक मुद्दा ठोकत गेलो. "आग दिवाणजींनीच लावली," असं म्हणून टेबलावर हात आपटला. करेक्ट 'करेक्ट' म्हणाला नाही. तिथेच मला संशय यायला हवा होता.

म्हातारीने हात वर केला. आवाज शाळेतल्या बाईंचा असतो तसा.

"मला दिसत नाही, तेव्हा तुम्हीच बघून सांगा. दिवाणजी एकशे तेराव्या पानावर तापाने जातात. गिरणी जळते ती त्यानंतर अकरा वर्षांनी. मग काडी कोणी ओढली?"

पुस्तक टेबलावरच होतं. विजेचं बिल होतं तिथे उघडलं. बिल बाजूला केलं. समोरचंच पान. पहिलीच ओळ.

आग प्रतीकात्मक आहे, असं म्हणालो. तेव्हा करेक्ट 'करेक्ट' म्हणाला. पण म्हातारीकडे बघून.

त्या म्हणजे हिच्या बाई. मी ज्यांना सतरा दिवसांपूर्वी पोचवून मोकळा झालो होतो त्याच. गेली होती ती फक्त त्यांची नजर. बाई कौतुकाने सगळ्यांना सांगत होत्या की ही माझी विद्यार्थिनी, ग्रंथालयातली दुसरी प्रत घेऊन दर गुरुवारी मला हीच कादंबरी वाचून दाखवते. सगळी पात्रं वेगवेगळ्या आवाजात. घरी पोळ्या लाटताना म्हणे सराव करते. "परवा पहाटेच्या गाडीचं प्रकरण वाचलं, तर घरात खरंच कोणी पुरुष शिरलाय असं वाटलं मला. जिन्यात ऐकू गेलं असेल."

मी खाली बसलो. खिशातला परिच्छेद खिशातच राहिला. आजच्या दिवसात तेवढं एक नीट झालं.

पुढच्या महिन्याला हिने मंडळात वाचून दाखवावं, अशी सूचना करेक्टने मांडली. एकमताने मंजूर. माझंही मत धरून.

२२ सप्टेंबर, सोमवार

सुटकेस माळ्यावर कशी गेली, असं हिने विचारलं. मी सांगायला लागलो. जिना, आवाज, गाडी... अर्ध्यावर आल्यावर ही म्हणाली, "कळलं."

हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला फारसं बरं वाटत नाही.

आधी हसली. ओट्याला धरून हसली. मग हसायची थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तीस वर्षांत एकदा माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं असतंत, तर तेवढा जिना चढावा लागला नसता."

उत्तर तयार होतं. दिलं नाही. नंतर दिवसभर ही कामापुरतं बोलली. संध्याकाळी न मागता चहा आला नाही. मागून मिळाला.

रात्री जेवताना विचारलं, मग आग कोणी लावली? म्हणाली, वाचा.

२५ सप्टेंबर, गुरुवार

बाईंकडे मीपण येऊ का, असं विचारलं. हिने आधी माझा चेहरा तपासला, मग बाईंना फोन केला. बाईंची एक अट: मध्ये बोलायचं नाही. करेक्टही असेल का, असं विचारणार होतो. अट आठवली.

नवीन विद्यार्थी आलाय म्हणून बाईंनी मुद्दाम मागचं पान घ्यायला लावलं. एकशे तेरा. ही वाचायला लागली. दिवाणजी तापात पडलाय आणि छत्री मालकाच्या मुलाला द्या म्हणतोय. पोरगं शाळेतून भिजत येतं, म्हणून इतकी वर्षं ती बाळगलेली. मी खाली बघत होतो. बाईंच्या घरच्या फरशीचं काम चांगलं आहे.

मग हिचा आवाज घोगरा झाला. मी उठलो, स्वयंपाकघरात माठ शोधला आणि पेला भरून तिच्यासमोर ठेवला. कोणी मागितला नव्हता. बाईंनी पावलं ऐकली.

"कोण, दिवाणजी का?" म्हणाल्या.

ही हसली. सोमवारनंतर पहिल्यांदा.

पूर्ण वेळ एक शब्द बोललो नाही. परत येताना जिन्यात ही स्वतःहून काहीतरी सांगत होती. तेही शेवटपर्यंत ऐकलं. खालच्या पायरीपर्यंत पुरलं.

फक्त इथे एक नोंद करून ठेवतो. दिवाणजी गेला असं सगळेच म्हणतात, पण डॉक्टरचा दाखला कादंबरीत कोणीही पाहिलेला नाही.