मामीला येणारा वास

दि. ४ फेब्रुवारी

चि. घारू हीस,
अ. उ. आ.

तुमच्या विमानाने आमच्यावरून चकरा मारल्या, तेव्हा मी गच्चीवरून हात केला होता. सकाळची वेळ, आभाळ गच्च, आदल्या दिवशीचे कपडे दोरीवर ओलेच. तरी मामाचं कर्तव्य केलं. आता नगरपालिकेच्या फलकावर तुमचा अहवाल लागलाय, की हवेत कुठेही घातक वायू आढळला नाही.

तुझ्या मामीने तो उभ्याउभ्या वाचला आणि घरी येऊन मागची खिडकी लावून घेतली. तिला कित्येक आठवडे घरामागच्या कोल्ड स्टोरेजकडून वास येतो. केस रंगवायच्या औषधासारखा, डोळ्यांत पाणी आणणारा. मला येत नाही. पण माझ्या कायमच्या सर्दीला दूध करपलेलंही कळत नाही. शेजाऱ्यांनाही येत नाही. तिथला मॅनेजर म्हणाला, वहिनींना विश्रांतीची गरज आहे. डॉक्टरांनी घसा पाहिला आणि मनाच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. सोमवारी जायचं ठरलंय. ती नको म्हणत नाही, हेच मला खटकतं. माझं एकही म्हणणं तिने आजवर बिनतक्रार ऐकलेलं नाही.

तुमचं यंत्र कसं बघतं, ते तिला तूच समजाव. माझ्या निरूपणाने ती आणखी मिटते.

लोभ आहेच, तो वाढावा असं वाटत असेल तर उत्तर लवकर धाड.
तुझा मामा


दि. ७ फेब्रुवारी

ती. मामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा फोन नेहमीसारखा कपाटात वाजत असणार, म्हणून तापमापक लावायला तिकडे येणाऱ्या आमच्या ड्रायव्हरच्या हाती हे देते.

तुमचं गच्च आभाळ आणि ओले कपडे वाचून मी ताटावरून उठले. त्या दिवशी विमानात मी नव्हते, चित्रं फक्त तपासली. आमचा कॅमेरा उजेड नाही, उष्णता टिपतो, आणि ती शेकडो बारीक पट्ट्यांत वेगळी करतो. प्रत्येक वायू ठरावीक पट्ट्यांत आपली खूण ठेवतो. कोल्ड स्टोरेजमधला अमोनियासुद्धा. पण त्यासाठी खालची जमीन वायूहून गरम किंवा थंड हवी. दोन्ही सारखीच कोमट असली, तर पांढऱ्या भिंतीवर खडूने लिहिल्यासारखं होतं.

मी त्या सकाळची तापमानं पुन्हा काढली. जमीन आणि हवा यांत नावापुरता फरक. 'आढळला नाही' असं लिहिलंय, तिथे 'असता तरी दिसला नसता' असं हवं होतं. साहेब आधी वैतागले, मग स्वतःच परवानगीसाठी फोनला बसले. उद्या भर दुपारी, उन्हात, पुन्हा उडतोय. या वेळी मीही आहे.

अग्निशमन दलाला मी कळवलंय. मामीला आजपासून पुढच्या खोलीत झोपवा. आणि सोमवारचं रद्द करा, मामा. वायू निघो न निघो, रद्द करा.

तुमची माया आहे तशीच राहू द्या, वर थोडी घाई करा.
तुमची घारू


दि. १३ फेब्रुवारी

चि. घारू हीस,
अ. उ. आ.

अग्निशमनवाल्यांना मॅनेजरने पहिल्या दिवशी फाटकावरूनच वाटेला लावलं होतं. तुझं चित्र पोचल्यावर मात्र तोच चहा विचारायला लागला. त्यांच्या छतावरच्या पाइपाची झडप गंजून गळत होती. दोन इमारतींच्या फटीतला वारा तो अमोनिया नेमका आमच्या खिडकीशी आणून टाकत होता. शेजाऱ्यांना मिळणार कुठून? झडप बदलली. मामीचे डोळे निवळलेत.

चित्र तिच्यापुढे ठेवताना वाटलं, आता मॅनेजरचा उद्धार होईल, पाठोपाठ माझा. तसं काही झालं नाही. आपल्या छपरावर टेकलेल्या त्या वायूच्या रंगीत शेपटावर तिने बराच वेळ बोट ठेवलं. मग विचारलं, की दुसऱ्या खेपेलाही ढग असते, तर तुम्ही मला सोमवारी नेलंच असतं ना?

विश्वासू माणसाचा शब्द हेही प्रमाणच, असं मी तर्कशास्त्राच्या वर्गात वर्षानुवर्षं शिकवतो, तेही उदाहरणांसकट. त्या क्षणी मला एकही आठवलं नाही. प्रश्न तिने परत विचारलेला नाही. मागेही घेतलेला नाही.

मामीवर तुझा लोभ आहेच. उरला तर थोडा माझ्यावरही असू दे.
तुझा मामा