रिकामा पट्टा, पाऊण तास

१ जून, सकाळी ६.१०
निर्णय झाला. कुत्रा आणायचा. चिमणी नऊ वर्षांची असताना शब्द दिला होता. आता सतराची झाली. २७ तारखेला होस्टेलवर जाणार. म्हणजे मी अजून मुदतीत आहे.

कुत्रा असला की पोरगी दर शनिवारी धावत घरी येईल. नुसत्या आईबापासाठी कोण येतंय! हे बायकोला सांगितलेलं नाही. हिला सांगितलं, घराला राखण हवी.

जात कुठली? डाल्मेशियन की बॉक्सर? दोन्ही खेळाडू. सुस्त कुत्रा मला चालणार नाही, माझा पिंडच चपळ.

२ जून
ऑफिसात तक्ता केला. डाल्मेशियन: पूर्वी घोडागाडीबरोबर धावायचा. बॉक्सर: उड्या. कॉलेजात मी लांब उडीला नाव दिलं होतं. पाय मुरगळला, नाहीतर आज वेगळं चित्र असतं. त्यामुळे कल बॉक्सरकडे. पण चिमणीला ठिपके आवडतात. जेवताना यावर तासभर बोललो. ही एवढंच म्हणाली, बाजारात तुरी. पुढची म्हण तिने गिळली, पण मला ऐकू आली.

४ जून
चिमणीला घेऊन केनेलवर. केनेलच्या बाईंनी मला बुटांपासून वर बघायला सुरुवात केली आणि पोटापाशी थांबल्या.

त्यांचा नियम अजब. पिल्लू आधी मिळत नाही. आधी पट्टा मिळतो. रिकामा! तो हातात धरून एकवीस दिवस, सकाळ-संध्याकाळ पाऊण तास चालायचं. घरच्या मोठ्या माणसानेच. मुलं होस्टेलला जातात, कुत्रा मागे राहतो, म्हणाल्या. वहीत तीन रकाने: गेलो कधी, आलो कधी, पट्टा घरी परत आला का. तिसरा रकाना वाचून मी खो खो हसलो. बाई हसल्या नाहीत. पट्टा लाल, त्याला पितळी बिल्ला, त्यावर केनेलचा नंबर.

५ जून
गजर ५.३०. पुन्हा ५.४०. पुन्हा ६.०५. निघालो ६.५०.
जिन्यात कर्नल भेटले. (आयुष्यभर पोस्टात होते, पदवी मिशांमुळे.) विचारलं, कुत्रा कुठाय? म्हटलं, यायचाय. म्हणाले, मग तो आल्यावर निघा की! अशा लोकांमुळे माणूस खचतो. नऊ मिनिटांत परत. वहीत पंचेचाळीस लिहिली. पहिल्याच दिवशी शरीराला धक्का नको.

८ जून
गुडघा. चिमणी म्हणाली, बाबा, मी येऊ बरोबर? जायच्या आधी जरा गप्पा होतील. नको म्हटलं. नियम म्हणजे नियम. शिवाय ती आली तर खरंच पाऊण तास चालावं लागेल.

११ जून
बागेच्या कोपऱ्यावर उत्तम बाक सापडला. तिथे बसून दुसऱ्यांच्या कुत्र्यांचा अभ्यास करतो. मालकांना दोन सूचनाही केल्या. त्यातल्या एकीने मला विचारलं, तुमचा कुठला? पट्टा खिशात घातला.

१५ जून
चिमणीने पुन्हा विचारलं. पुन्हा नको म्हटलं. अगं, बॉक्सर आला की आपण तिघं रोज जाऊ. ती म्हणाली, मी असेन का तेव्हा? म्हटलं, शनिवारी असशील. ती कपड्यांना इस्त्री करत होती. पुढचा कपडा घेतला. म्हणजे पटलं असावं.

१९ जून, रात्री ९.४०
घात झाला. पट्टा बाकावरच राहिला. ऑफिसात खिसा चाचपला तेव्हा कळलं. अर्धी रजा टाकून धावलो, अगदी खरंखुरं धावलो. बाक आहे, पट्टा नाही.

संध्याकाळी हुबेहूब लाल पट्टा विकत आणला. बिल्ल्याच्या जागी जुन्या कुलपाची चकती. लांबून कळत नाही. तिसऱ्या रकान्यात लिहिलं, हो. एका अर्थी खरंच आहे, एक पट्टा घरी आलाच.

२४ जून
उद्या बाई येणार. देवा, एवढ्या वेळी सांभाळ. ठिपके तर ठिपके, बॉक्सरचा हट्ट सोडतो. कुठलाही दे. सत्तावीसला पोरगी जायच्या आत दे.

२५ जून
बाई आल्या. वही पाहिली. म्हणाल्या, सगळीकडे बरोबर पंचेचाळीस, तुम्ही घड्याळापेक्षा पक्के! मी मान डोलावली. मग विचारलं, एकोणीस तारखेला पट्टा घरी आला? हो म्हटलं. त्यांनी पिशवीतून पट्टा काढून टेबलावर ठेवला. बिल्ल्यासकट. बागेच्या माळ्याने फोन केला होता म्हणे. तुमचा कुत्रा त्या दिवशी चार तास बाकावर एकटा होता, म्हणाल्या.

ही स्वयंपाकघरात गेली. मी गुडघ्याचं सांगायला लागलो. तेवढ्यात चिमणी हसली. म्हणाली, पोहण्याच्या क्लासबाहेर मीपण बसले होते की बाबा, तू न्यायला येईपर्यंत दोन तास. मला बिल्ला नव्हता.

ते मला आठवतच नव्हतं. आठवलं.

निघताना बाईंनी पट्टा चिमणीला दिला. तुझं स्वतःचं घर झालं की ये, म्हणाल्या, तुला हवा तो देईन. माझ्याकडे पाहिलंही नाही.

२७ जून
गेली. बॅग मी उचलली, जिन्यापर्यंत. पट्टा दाराजवळच्या खिळ्याला अडकवून गेली. म्हणाली, राहू दे, फिरायला लागेल तुला. आता कळतंय, घर केवढं मोठं आहे हे!

२८ जून, सायं. ७.२०
पट्टा घेऊन गेलो. बाकाशी थांबलो नाही. चौदा मिनिटं. वहीत चौदाच लिहिली. पट्टा घरी परत आला का: हो.

चिमणीचा फोन. या शनिवारी येणार नाही, कॉलेजात ओरिएंटेशन आहे. पुढच्या शनिवारचं माहीत नाही. विचारलं, फिरलास का? हो म्हटलं, चौदा मिनिटं. मग म्हणाली, बरोबर कोण होतं?
कोणी नाही, म्हटलं.