आबासाहेबांच्या दारातले त्रेसष्ट पाहुणे

झाशी,
श्रावणातला शेवटचा शनिवार

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या हृषीकेशचा कान पकडून साष्टांग नमस्कार. (देविका म्हणते, 'तीर्थस्वरूप' हल्ली लग्नपत्रिकेतसुद्धा कोणी छापत नाही. पण तू थोरला आणि मी चुकलेला, तेव्हा निदान मायना तरी चुकू नये.) तुझी आणि विद्यावहिनींची तब्येत ठीक असेल अशी आशा आहे, तुझं पित्त अजून तुझ्याआधी उठतं का, तेही कळव. इकडे सगळे बरे आहोत. आई रोज सकाळी लक्ष्मी तालापर्यंत चालत जाऊन येते, आल्यावर 'मेले गं बाई' म्हणते, पण इतक्या खणखणीत आवाजात म्हणते की काळजी वाटत नाही. उर्वी अकरावीत गेली आणि आमच्याशी बोलायची बंद झाली, म्हणजे तिचंही सगळं वेळापत्रकानुसार चाललंय. माझी मात्र मान अवघडली आहे. ती कशाने, हाच पत्राचा विषय.

फोन असताना पत्र कशाला, असं तू विचारशील. तर फोनवर तुझ्या तोंडून अर्ध्या मिनिटात 'नको रे' येतं. पत्राला मध्येच 'नको' म्हणता येत नाही. गेल्या चार वर्षांत तू झाशीला आला नाहीस. मी नऊ वेळा बोलावलं, तू नऊ वेळा नको म्हणालास, मी नऊ वेळा बरं म्हणालो. या गौरींना तरी तू यावंस, एवढ्यासाठीच लिहितोय. तू येशील की नाही यावर या घराचा सण अवलंबून आहे, कारण गौरी जेवायच्या दिवशी आई तुझं पान मांडते आणि मग रिकामंच उचलते. पण ते एकदम सांगितलं तर तू पत्र मिटून ठेवशील. म्हणून आधी आबासाहेबांची हकिगत सांगतो.

आबासाहेब आठवतो ना? तू झाशीत नोकरीला होतास तेव्हा मानिक चौकातून आपण ती खेळाची डीव्हीडी आणली होती, बर्फाच्या डोंगरांचा, ड्रॅगनांचा आणि तलवारींचा अवाढव्य खेळ. नाव तुला धड उच्चारता येत नव्हतं, म्हणून आपण त्याला 'डोंगरगाव' म्हणायचो. त्यात प्रत्येकाने आपला वीर घडवायचा असतो. जगाने आपापल्या वीरांना भयंकर नावं दिली. तू साडेसहा फुटी, दुधारी कुऱ्हाडवाल्या रांगड्या गड्याचं नाव ठेवलंस आबासाहेब. पुढे तुझी नागपूरला बदली झाली आणि आबासाहेब कपाटातल्या जुन्या कॉम्प्युटरात पडून राहिला. गेल्या महिन्यात उर्वीने तो कॉम्प्युटर उघडला, तुझा सेव्ह केलेला खेळ आमच्या नव्या मशीनवर उतरवला आणि हाक मारली, "बाबा, ये कौन अंकल हैं?"

बारा वर्षांनीही तो तिथेच उभा होता. स्वतःच्या लाकडी घराच्या दारात, पाठीवर कुऱ्हाड आणि पिशवीत सदतीस कोबी. (दादा, ड्रॅगन मारायला निघालेला माणूस सदतीस कोबी कशाला बाळगतो? ओझ्याने त्याला धावता येईना. तू खेळातसुद्धा भाजी बाजारातून एकदम घेऊन ठेवतोस.) खरं सांगतो, त्याला पाहून मी 'दादा' म्हणून हाकच मारणार होतो. मग मी हसलो, कारण उर्वी बघत होती.

आता मॉड म्हणजे काय, ते सांगायला हवं. मूळ खेळात बाहेरच्या कोणी हौशी माणसाने केलेली भर, म्हणजे मॉड. विकतच्या आमटीत आपला गूळ घालावा तसं. जगभरचे लोक असे हजारो मॉड करून फुकट वाटतात. उर्वीने पहिल्या आठवड्यात चाळीस घातले. झाडं हिरवीगार झाली, नद्यांना खरं पाणी आलं, आबासाहेबाला मिशा आल्या. मग दोन मॉडांचं आपसात जमेना आणि गावातल्या सगळ्या कोंबड्या गुडघ्याएवढ्या बर्फात उलट्या चालू लागल्या. मी कारखान्यात तीस वर्षं ट्रान्सफॉर्मरचे नकाशे तपासतोय, तेव्हा 'हो बाजूला' म्हणून बसलो. कोंबड्या सुलट झाल्या, घोडे अदृश्य झाले. स्वार तेवढे हवेत बसून फिरत होते. पुढचे दोन रविवार मी खेळलोच नाही, नुसती दुरुस्ती केली. माझी मान तेव्हाच गेली.

इथवर सगळं ठीक होतं. पण एका रविवारी दुपारी आई वाती वळत आमच्या मागे येऊन बसली. दहा मिनिटं तिने सगळं पाहिलं. आबासाहेब एका म्हातारीच्या घरात जोड्यांसकट शिरला, तिच्या फडताळातली मडकी उघडून पाहिली, एक पाव उचलला आणि निघून गेला. आई तुझं नाव घेऊन म्हणाली, "हा श्रीकृष्णाचा ना? मग याला वळण कोणी लावलं नाही?" मी म्हटलं, आई, या खेळात असंच असतं. तेवढ्यात आबासाहेबाच्या दारात एक वाटसरू आला, काहीतरी पुटपुटला आणि पाणीसुद्धा न घेता परत फिरला. झालं. आईने वातींचं तबक बाजूला ठेवलं. दारी आलेला माणूस कोरडा परत जातो हे तिला घरातल्या पडद्यावरही चालणार नव्हतं. "गूळ-पाणी द्या, जेवायला थांबवा. आणि एकदा विचारून सोडू नका. पहिल्यांदा कोणी हो म्हणत नसतं, आग्रह करावा लागतो." मी आईला कधी नाही म्हटलंय? मी आग्रहाचा मॉड लिहायला बसलो.

जगात कोणी असा मॉड केला नसेल, कारण जगात कोणाला गरजच पडली नसेल. नियम आईने सांगितले, मी लिहिले. दारापासून दहा पावलांत येईल तो पाहुणा. कोण, कुठला, ते विचारायचं नाही. पाहुण्याने शस्त्र खाली ठेवायचं. यजमानाने 'जेवून जा' म्हणायचं, पाहुण्याने 'नको' म्हणायचं. पाहुण्याचा निर्णय लागेपर्यंत यजमानाने दार सोडायचं नाही. निम्मा भाग मी लिहिला, पाहुण्याचा निम्मा उर्वीने आजीला विचारून लिहिला. संध्याकाळी आम्ही खेळ सुरू केला आणि तिघंही समोर बसलो. (देविका चौथी. ती 'मला यात रस नाही' म्हणत खुर्ची घेऊन आली होती.)

पहिला पाहुणा एक लोहार. आबासाहेब म्हणाला जेवून जा, लोहार म्हणाला नको. आबासाहेब पुन्हा म्हणाला, लोहार पुन्हा नको म्हणाला. मग दोघंही गप्प उभे राहिले. आम्हाला वाटलं, विचार करताहेत. तेवढ्यात एक भाटीण आली. तिचंही तेच. मग चार दरोडेखोर आबासाहेबाला मारायला आले, दहा पावलांवर पाहुणे झाले, तलवारी जमिनीवर ठेवून रांगेत उभे राहिले. लांडगे आले. लांडग्यांना 'नको' म्हणता येत नाही, ते नुसतेच मान वळवून बसले. सोमवारपर्यंत अंगणात वीस जण, बुधवारपर्यंत पन्नास. गुरुवारी डोंगर हादरवत खुद्द ड्रॅगन उतरला, आम्ही खुर्च्यांचे हात घट्ट धरले, आणि त्याने पंख मिटून लोहाराच्या मागे नंबर लावला. एकूण त्रेसष्ट. कोणी जेवेना, कोणी जाईना, आणि आबासाहेब यजमान, त्यामुळे तोही दार सोडेना. उर्वी डोक्याला हात लावून म्हणाली, "बाबा, ये लोग जा क्यों नहीं रहे?"

इतक्या मंडळींचा भार मशीनला पेलेना. पंखा गिरणीसारखा वाजू लागला आणि शुक्रवारी कॉम्प्युटर बसला. मी तो स्कूटरवर घालून मानिक चौकाजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने चालू केला, अंगण पाहिलं, ड्रॅगन पाहिला आणि चष्मा काढून पुसला. "काए भैया, जे कंप्यूटर है कि धरमसाला?" मी खरं तेच सांगितलं, की माताजींचा हुकूम आहे, कोणी न जेवता जायचं नाही. त्यावर तो एकदम गंभीर झाला आणि मान डोलावून म्हणाला, "माताजी तौ ठीकई कै रईं." मग त्याने नवा पंखा बसवून दिला.

घरी येऊन उर्वीने आम्हा दोघांचं लिखाण शेजारी शेजारी ठेवून वाचलं, तेव्हा घोळ सापडला. आजीने तिला सांगितलं होतं, पाहुणा तिसऱ्या आग्रहाला हो म्हणतो. तसं तिने लिहिलं होतं. आणि मी, यजमान लिहिणारा, दोनदा विचारून थांबलो होतो. मला ते चुकीचं वाटलंच नव्हतं. दोनदा विचारलं, दोनदा नको म्हणाला, संपलं की! देविका म्हणाली, "हस्ताक्षर ओळखलं मी." आई त्या अंगणाकडे बोट दाखवून म्हणाली, "तू विचारायचा थांबलास, आणि तो अजून वाट बघतोय. दोघंही उपाशी." ती लोहाराबद्दल बोलत नव्हती, हे मला कळलं.

दादा, चार वर्षांपूर्वी गौरी जेवल्या त्या संध्याकाळी मी तुला विचारलं, अजून दोन दिवस राहतोस ना? तू म्हणालास, नको रे. मी म्हटलं, खरंच नको? तू म्हणालास, नको. आणि मी बरं म्हणून रिक्षाला फोन लावला. तुझा पंचा दोरीवर ओला होता, बॅग उघडी होती, आणि रजा आणखी चार दिवसांची होती (हे वहिनींनी देविकाला नंतर सांगितलं). मला वाटलं, मी तुझ्या शब्दाचा मान राखला. कारखान्यात नाही म्हणजे नाहीच असतं. पण तू कारखान्यातून आला नव्हतास, आपल्या घरी आला होतास. मला लाज वाटते रे. एवढी साधी गोष्ट कळायला मला एक ड्रॅगन रांगेत उभा करावा लागला.

तर दोनाचे तीन केले. त्रेसष्टच्या त्रेसष्ट जणांनी एका दमात हो म्हटलं (लांडग्यांनी शेपट्या हलवून) आणि अंगणात पंगत बसली. घरात दुसरं काही नव्हतं म्हणून तुझे सदतीस कोबी कामी आले. ड्रॅगनला अख्खा एक दिला, बाकीच्यांना वाटून. आईने समाधानाने वाती पुऱ्या केल्या. जेवून सगळे आपापल्या वाटेने गेले. अडचण एकच झाली. ज्याचं अन्न खाल्लं त्याच्यावर कोणी हत्यार उचलेना, त्यामुळे खेळ संपवायला आता शत्रूच उरलेला नाही. आबासाहेब एकटाच दारात उभा आहे.

वहिनींना नमस्कार. उत्तराची वाट पाहतो.

तुझा धाकटा,
हृषीकेश

ता. क. : तर दादा, त्या संध्याकाळी विचारायचं राहिलं ते आता तिसऱ्यांदा विचारतो. गौरींना ये. दोन दिवसांसाठी नको, चांगला आठवडाभर ये. नको म्हणालास तर चौथ्यांदा विचारीन.

ता. क. २ : एक सांगायचं राहिलं. पंगतीनंतर तुझी दुधारी कुऱ्हाड सापडत नाही. दरोडेखोर चार आले होते, जेवून गेले तेव्हा त्यांच्यातला एक जरा वाकून चालत होता. आणि तुझा जुना सेव्ह माझ्या हातून पुसला गेला. तू आल्यावर समोरासमोर ओरड.

ता. क. ३ : आईने हे सगळं वाचून घेतलं. म्हणाली, मजकूर बरा आहे, पण टपालाला चार दिवस लागतील आणि त्यात तो पुन्हा नको म्हणायची तयारी करील. तिने मघाशीच बॅग भरली आहे, आणि उर्वीने आम्हा दोघांची उद्याची नागपूरची तिकिटं काढली आहेत. तेव्हा हे पत्र येईल तेव्हा आम्ही तुझ्याच घरी असू आणि पोस्टमनकडून बहुधा मीच ते घेईन. तुला घेतल्याशिवाय परतायचं नाही, असं तिने ठरवलंय. वहिनींना सांग, आईला वाढताना आग्रह करू नका. ती पहिल्याच वेळी हो म्हणणार आहे.