घरच्या माणसाला कसलं आवतन?

लातूर,
मंगळवार

श्री. शिवप्पा अण्णांना राजशेखरचे शरणु शरणार्थ.

इकडे सर्व ठीक. तुमचा गुडघा कसा आहे? (फोन बंद लागतो म्हणून पत्रातून विचारतोय. तो का बंद आहे, तेही ठाऊक आहे.)

अण्णा, बावीस वर्षं मी क्लासमध्ये ‘इन्फॉर्म’ आणि ‘इन्व्हाइट’ यांतला फरक शिकवतोय. इन्फॉर्म म्हणजे कळवणं. ऐकणाऱ्याने मान हलवली की काम संपलं. इन्व्हाइट म्हणजे बोलावणं. त्यात बोलावणाऱ्याच्या चपला झिजतात. अक्षराच्या लग्नाच्या याद्या मी याच शास्त्राने केल्या. इन्व्हाइटवाल्यांकडे कुंकू-अक्षता घेऊन घरोघर गेलो, लाइनमनकडे तर दोनदा (पहिल्यांदा तो खांबावर होता). इन्फॉर्मवाल्यांना मोबाइलवर पत्रिका. त्या यादीत गॅसवाला, कॉलनीचा ग्रुप आणि तुम्ही.

रागावू नका, म्हणजे आणखी रागावू नका. माझा हिशेब असा, की नवरीचा सख्खा मामा हा घरचाच माणूस, त्याला कसलं आवतन? तो तर मांडवाच्या दारात स्वागताला उभा राहायचा. पण मंजुश्रीला हे कळलं आणि ती म्हणाली, “माज्या भावाला मोबाइलवर, अन् त्या लाइनमनला चूलबंद आवतन देऊन आलात व्हय?” (सगळं घरच जेवायला बोलवायचं, त्या दिवशी त्यांची चूल पेटायला नको, असं आवतन.) तेव्हापासून चूल आमचीच बंद आहे. चार दिवस मी मेसचा डबा खातोय, आणि त्यातल्या वरणाबद्दल न बोललेलं बरं.

त्यात तुमच्या चिरंजीव मल्लिनाथकडून तुमचा एकाच शब्दाचा निरोप आला: “कळलं.” उत्तर बिनचूक आहे, पैकीच्या पैकी गुण. अक्षरा म्हणते, मामा पाठीशी उभा नसेल तर मी बोहल्यावर चढणार नाही. लग्न रविवारी आहे, अण्णा. माझं चुकलं. इंग्रजीत नाही चुकलं, पण चुकलं.

वहिनींना शरणार्थ सांगा.

आपला,
राजशेखर

ता. क. पाकिटाला तिकीट नाही, कारण हे पत्र मीच तुमच्या दाराच्या फटीतून आत सरकवतोय. तीनदा कडी वाजवली. आत टीव्ही चालू असल्याचं ऐकू येतंय.

ता. ता. क. मंजुश्री कुंकवाचं ताट घेऊन तुमच्या ओट्यावर उभी आहे. बस म्हटलं तर बसत नाही, भाऊ म्हणेल तेव्हाच बसेन म्हणते. मला आत घेऊ नका हवं तर, मी स्टँडवर जाऊन थांबतो. तिला घ्या.