मिनूचा शेवटचा काप

मंगळवार, संध्याकाळ. नेरूळ

मिनूचा ब्लॉक आज संपला.

एवढ्याशा गोष्टीने मन कशात लागत नाहीये, म्हणून लिहून ठेवते. माझी लेक आठ वर्षांची असताना तिचे टॉन्सिल काढले, तेव्हा उरलेला तुकडा मीच सही करून आमच्या लॅबला दिला होता. तो मेणात बसवला, तोच हा ब्लॉक. पेशींवरचं कॉम्प्लिमेंट रिसेप्टर नावाचं प्रथिन रंगवून दाखवणाऱ्या अँटिबॉडीची नवी बाटली आली, की आधी मिनूच्या टॉन्सिलच्या पातळ कापावर लावून बघायची. बाटली चांगली असेल तर तपकिरी जाळी उमटते. शाळेत सिस्टर क्रोशाची शिकवायच्या, अगदी तशी.

दुपारी काप घेणारे म्हात्रे म्हणाले, "मॅडम, पोरीचा हा शेवटचा. आता कोनाचा लावू?"

"लावा कोणाचाही."

"माज्यावर रागावता कशाला? मी नाय खाल्ला!"

हसू आलं. मग मायक्रोस्कोपखाली ती जाळी... किती सुंदर आली होती आज! वहीत 'बाटली योग्य' एवढंच लिहिलं. आणखी काय लिहिणार?

आत्ता टोरांटोला फोन केला. तीन वर्षं झाली मिनूला बघून. तिचा आवाज बसला होता. मिठाच्या गुळण्या कर म्हटलं. ब्लॉकचं सांगितलं तर हसत सुटली. "आई, इतकी वर्षं तू मला तिथे बघत होतीस?"

"फक्त नवी बाटली आली की," मी म्हटलं.

खोटं बोलले. तिची फार आठवण आली, की चांगली बाटलीही पुन्हा एकदा तपासायचे. ब्लॉक मीच संपवला.