दोनशे बारा मीटरवरचा डबा

ती. साडूभाऊंना,

धाकट्या साडूचा नमस्कार. हे पत्र ज्या पाकिटातून आलं ते मी स्वतः कापून चिकटवलेलं आहे, ज्या टेबलावर लिहिलं ते मी केलेलं आहे (चारही पाय एका उंचीचे, दुकानातल्या टेबलांबद्दल मी काही बोलत नाही), आणि ज्या चष्म्यातून लिहितो आहे त्याची डावी दांडी माझी आहे. शिवाय घरातली सहा स्टुलं, पत्रपेटी, मागच्या दाराची कडी आणि तुमच्या निवृत्तीला दिलेलं होकायंत्र. यातलं काहीही मी कुणाकडे शिकायला गेलो नव्हतो. तुमचा गुडघा आता वाकत असेल. थोरल्या ताईंचा खोकला थांबला का? बावीस तारखेला तुम्ही सासऱ्यांचं घड्याळ न्यायला येणार हे लक्षात आहे, त्याबद्दल शेवटी लिहितो. आम्ही खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, पण गेले तीन रविवार आपण नक्की कुठे आहोत हेच मला कळलेलं नाही.

त्याचं असं झालं. आमच्या टेकडी मंडळाने जिओकॅशिंग सुरू केलं. म्हणजे एकाने रानात डबा लपवायचा, जागेचे आकडे फोनवर टाकायचे आणि बाकीच्यांनी तो शोधायचा. मी म्हटलं, एकच डबा तर कुणीही लपवेल. मी चार केले. पहिल्याचे आकडे फोनवर. त्यात चिठ्ठी, की अमुक अंशांवर अमुक मीटर गेलात की दुसरा. त्यात तिसऱ्याची चिठ्ठी, तिसऱ्यात चौथ्याची. दुसरा डबा दगडासारखा, तिसरा झाडाच्या सालीत, आणि चौथा म्हणजे तोडलेल्या झाडाचा बुंधा, ज्याचं झाकण उघडतं. (वरची वर्षवलयं मी मोजून कोरली आहेत, एकेचाळीस.) पानगळ संपत आली होती तेव्हा सगळे डबे त्या होकायंत्राने अंश लावून आणि फीत टाकून ठेवले, आकडे वहीत उतरवले, आणि पुढच्याच आठवड्यात होकायंत्र तुम्हाला दिलं.

चार महिन्यांत एकही माणूस पहिल्या डब्याच्या पुढे गेला नाही. मला वाटलं, कठीण आहे म्हणून. पण मंडळाच्या बैठकीत औषधवाला (ज्याच्या फोनात दिशा दाखवणारी तीन ॲप्स आहेत आणि तिन्ही त्याला पटतात) उठून म्हणाला की हा शोध मुळातच चुकला आहे, रद्द करावा, नवा मी मांडतो. महिनाअखेरपर्यंत मुदत मिळाली. तेवढ्यात मी तो सुटतो हे दाखवायचं, नाहीतर माझं नाव मंडळाच्या यादीतून जाणार आणि औषधवाल्याचं येणार.

मी नवं होकायंत्र केलं आणि निघालो. पहिल्या रविवारी एकशे अठरा अंशांवर दोनशे बारा मीटर मोजले, फीत ताणून, आणि काटेरी झुडपाच्या बरोबर मधोमध पोचलो. तिथे दगडासारखे दगड पुष्कळ होते, डबा नव्हता. टेकडीवर सगळं इतकं हिरवं झालं होतं की मी पानगळीत पाहिलेली टेकडी हीच का, असा प्रश्न पडला. दुसरा डबा चोरीला गेला असं धरून पुढच्या रविवारी वहीतल्या आकड्यांनी त्याच झुडपापासून तिसऱ्याकडे निघालो. फितीचं दुसरं टोक तुमच्या मेव्हणीच्या हातात होतं. आम्ही एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या मधमाशांच्या पेट्यांपाशी जाऊन पोचलो. (पेट्यांचे सांधे बरे होते. जास्त वेळ बघता आले नाहीत.) तिसऱ्या रविवारी त्या पेट्यांपासून चौथ्या डब्याकडे गेलो, तर टेकडी उतरून थेट औषधवाल्याच्या परसात. तो चहा पीत बसला होता.

"या, या," तो म्हणाला. "शेवटचा डबा इथे आहे होय? मी उगाच वर शोधत होतो."

तपासणी चालू आहे, एवढंच मी बोललो आणि फीत गुंडाळली. परतताना तुमची मेव्हणी वाटेवरच्या दगडावर बसली, बाहीतला काटा काढला, आणि विचारलं की भावोजींनी मागे काय कळवलं होतं? तुम्ही कळवलं होतं की माझ्या होकायंत्राप्रमाणे सूर्य तुमच्या न्हाणीघरातून उगवतो, गेली तीस वर्षं तो स्वयंपाकघरातून उगवत असताना. मी तेव्हा उलट टपाली घर तपासून घ्यायला सांगितलं होतं.

"भावोजींचं घर कुठे सरकणार?" ती म्हणाली. "ते होकायंत्रच वाकडं. आणि वाकड्याने ठेवलेले डबे या सरळ्याने कसे सापडतील?"

साडूभाऊ, म्हणजे तेव्हा माझं चुकलं होतं म्हणून सगळं जुळत होतं, आणि आता बरोबर आहे म्हणून चुकतंय. हे मला अजूनही एका दमात समजत नाही. एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नव्हती. त्या होकायंत्राला पितळेचे खिळे कमी पडले, तेव्हा दोन लोखंडी मारले आणि वर पितळी रंग दिला. रंग उत्तम बसला होता. काटा त्या दोघांकडे ओढला जात असणार. किती, ते तुम्ही 'थोडंसं' असं लिहिलं होतं. थोडंसं हे माप नव्हे.

थोरल्या ताईंना नमस्कार. कळावे.

आपला,
धाकटा साडू

ता. क. होकायंत्र उलट टपाली परत पाठवावं. खिळ्यांना हात लावू नये. कुणाकडून दुरुस्त करून घेतलं असेल, तर ते होतं तसं बिघडवून पाठवावं.

ता. क. २. सासऱ्यांचं घड्याळ चौथ्या डब्यात आहे. बुंध्याच्या झाकणाला फट राहते का हे पाहायला आत काहीतरी चमकतं हवं होतं, म्हणून खिशातलं घड्याळ ठेवलं. झाकण इतकं चपखल बसलं की मी त्या कौतुकातच घरी आलो. तुमची मेव्हणी समजते ते घड्याळजीकडे आहे. तेव्हा बावीसला येऊ नये, निदान होकायंत्राच्या आधी येऊ नये. हा मजकूर थोरल्या ताईंना वाचून दाखवू नये.

ता. क. ३. काल औषधवाल्याने दुकानात गिऱ्हाईक नाही असं बघून, चौथ्या डब्याची जागा तेवढी सांगा, असं म्हणत आठशे पुढे केले. मी म्हटलं, हा तत्त्वाचा प्रश्न आहे, आणि एक अंशही सांगितला नाही. बाराशेपर्यंत आला होता.