सगळ्या म्हणजे कोणकोण?

मोकोबेला, ३ जून १९८७

चि. ओटेंगला आत्याचे पोतंभर आशीर्वाद.

वि. वि. मी ठणठणीत, शेळ्याही ठणठणीत. तुझ्या फ्रान्सिसटाउनच्या शाळेत पोरं ऐकतात ना तुझं?

इकडे आमच्या मोरुलाच्या झाडाखालचा नळ काढून दुकानापाशी न्यायचं घाटतंय. काल खोटल्यावर, आपल्या गावच्या चावडीवर, सभा भरली. पुरुष खुर्च्यांवर, आम्ही चटयांवर. मी डोकं झाकून उठले आणि सांगितलं, की आळीतल्या सगळ्या बायकांना नळ इथेच हवाय. मुखियाने हळूच विचारलं, की सगळ्या म्हणजे कोणकोण? मागे वळून बघते तर एकेकीची मान खाली! शेजारची मापेलो उठून म्हणाली, की मला बाई कुणी विचारलं नाही, मला तर दुकान जवळ पडतं. अख्खा खोटला हसला. नाक कापलं रे माझं! निकाल पुढच्या सभेत आहे. नळ गेला तर माझं कठीण आहे.

आठवण ठेव, म्हणजे झालं.
तुझी गाबाइपोने आत्या

फ्रान्सिसटाउन, ९ जून

ती. आत्यास ओटेंगचा शि. सा. न.

मापेलोचं काय चुकलं? लहानपणी आज कुणालाच आंबट दूध नको, असं तूच जाहीर करायचीस आणि मी वाटी धरून उभा! अख्ख्या गावाच्या वतीने बोलायची तुझी खोड जुनीच.

पण तुझं का कठीण आहे, हे पत्रात कुठेच नाही. वेडंवाकडं बोलला तरी माणसाने आपलं बोलावं, ही खोटल्याची रीत तूच मला शिकवलीस. या वेळी तुझं तेवढं सांग.

इथे आम्हा सगळ्यांना तुझी फार आठवण येते. लोभ आहे तो वाढवत राहा.
ओटेंग

मोकोबेला, २१ जून

चि. ओटेंगला आशीर्वाद, आणि कानाला एक चिमटाही.

चारचौघांत म्हातारीने गुडघ्यांचं गाऱ्हाणं गायचं? लाजेने मेले. पण कालच्या सभेत उठले. म्हटलं, मी माझंच बोलते. बादली घेऊन घरी येईतो मी तीनदा बसते. दुकानापासून अकरा वेळा बसावं लागेल, बसून बघितलंय. एवढंच बोलले आणि बसले.

कुणी हसलं नाही. मग मापेलो उठली. म्हणाली, ही वाटेत बसते ती कोण कुठे जातंय ते बघायला, असंच मी समजत होते. (तेही थोडं खरंच आहे म्हणा!) मला दुकान सोयीचं आहे, पण तिच्या गुडघ्यांवर पाय देऊन मला पाणी नको. शेवटी मुखियाने सांगितलं, की हा नळ राहील, दुकानापाशी दुसरा मागू. ‘पूला’, पाऊस पडो, म्हणून सभा उठली.

आता तुझं. तिकडे आम्हा सगळ्यांना आठवण येते, असं लिहिलंस. मुखियाचाच प्रश्न तुला विचारते: सगळ्या म्हणजे कोणकोण?

खरं तेवढंच लिही, माया कमी होणार नाही.
आत्या

फ्रान्सिसटाउन, २७ जून

ती. आत्यास सा. न.

मला येते.

गुडघ्यांचं अख्ख्या खोटल्याला आधी कळलं आणि मला नंतर, याचा राग आहे, तोही माझाच. शनिवारच्या बसने येतोय. बादली मी उचलीन. तू वाटेत बसून कोण कुठे जातंय ते बघ.

तुझाच,
ओटेंग